दादाचा उजवा पाय

आमच्या गॅरेजच्या पाटीवर नाव वडिलांचं होतं, पण गिऱ्हाईक यायचं ते दादाच्या पायासाठी. "पायवाले आहेत का?" असं विचारत लोक शेडमध्ये शिरायचे, आणि दारातच रंगाची बंदूक घेऊन उभा असलेला मी, त्याचा धाकटा भाऊ, आत बोट दाखवायचो. सत्तावीस वर्षं मी ते बोट दाखवलं. मला त्याचा राग यायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला साळसूद समजायला नको.

गाडी आली की दादा उजव्या पायातला बूट काढायचा, मोजा काढायचा. डावा तसाच. नळाखाली पाय धुवायचा, पुसायचा, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा आणि डोळे मिटून ब्रेकचं पेडल दाबायचा. एकदा हळू, एकदा जोरात, मग दाबून धरून ठेवायचा. धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकलं, तर मोठ्या सिलिंडरमधलं रबर गेलंय. चार वेळा भराभर दाबल्यावर वर आलं आणि कडक झालं, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलीय. दाबावं तसं दबतच जातंय, तर चाकाकडे जाणारी रबरी नळी म्हातारी होऊन फुगतेय. एवढं कुठल्याही पुस्तकात असतं. कुठल्या चाकाची नळी, हे मात्र दादाच सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा.

आमच्या शेडमध्ये एक रीत होती. दादाने पेडलवर पाय ठेवून "झालं" म्हटलं की त्यानंतर त्या पेडलवर आमच्यापैकी कुणी पाय ठेवायचा नाही. ती वडिलांनी घालून दिली होती, दादा वीस वर्षांचा असताना, त्याचं कौतुक म्हणून. वडील गेले, रीत राहिली.

त्या पायाने "झालं" म्हटलेली शेवटची गाडी डोंगरावरून खाली येताना थांबली नाही आणि तिच्यात एक बाई गेली. दादाचा पाय बधिर झाला होता म्हणून गेली, असं आमच्या भागातले लोक अजून सांगतात. ते खरं आहे, पण निम्मं. उरलेलं निम्मं सांगायचं काम माझं होतं.

दादा माणूस कसा होता, तर हट्टी. फटकळ नव्हता, पण एकदा नाही म्हटलं की नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसला की त्याचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर आपोआप दाबला जायचा, त्यामुळे त्याला बरोबर घेऊन जायला सगळे कंटाळायचे. स्वतः तो चालत फिरायचा. गाड्यांना थांबवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला गाडीत बसायची एवढी धास्ती, ह्यावरून वहिनी त्याला खूप छळायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. "ह्या घरात माणसं दोन आणि पाय एक," असं ती म्हणायची, कारण घरात तेल, मलम, मऊ मोजे जे काही यायचं ते त्या उजव्या पायासाठी यायचं. दादा गालातल्या गालात हसायचा आणि पाय पुढे करायचा.

माझं काम रंगाचं आणि पत्र्याचं. त्या कामाला कुणी डोळे मिटून दाद देत नाही. चांगलं झालं तर ते दिसतच नाही, वाईट झालं तर रस्त्यावरचा कुणीही बोट ठेवतो. त्यातून ब्रेक ऑइल हा माझा जन्माचा वैरी. एक थेंब रंगावर पडला की रंग फुगून सालं निघतात. दादाच्या हाताला कायम ते ऑइल असायचं आणि मी रंगवलेल्या दारावर हात टेकून उभं राहायची त्याला खोड होती. आमची भांडणं व्हायची ती ह्यावरून.

दातांचे डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्या खेपेला ते आले तेव्हा दादा अठ्ठावन्न वर्षांचा होता. दवाखाना बंद करून त्यांना पाच वर्षं झाली होती. त्यांच्याकडे दोन माणसांची एक जुनी स्पोर्ट्स कार होती, त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. बुटकी, लांब नाकाची, वरचं छप्पर कापडाचं. दर रविवारी सकाळी ते आणि त्यांची बायको त्या गाडीतून डोंगरावर जायचे, वरच्या तळ्याकाठी थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत यायचे. बाई गमतीदार होत्या. "ह्या गाडीत बसताना मी आधी देवाचं नाव घेते आणि मग तुमच्या भावाचं," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, हेही मी मनात टिपून ठेवलं.

"पेडल स्पंजासारखं लागतंय," डॉक्टर म्हणाले. "दाबलं की आधी काहीच नाही, मग हळूच धरतं."

दादाने पाय धुतला, आत बसला. एरवी त्याला दोन मिनिटं लागायची. त्या दिवशी मी एक अख्खं दार घासून संपवलं तरी तो आतच. मी वाकून पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. खाली मान घालून तो पेडलकडे टक लावून बघत होता आणि पेडलच्या शेजारी त्याने एक लाकडी पट्टी उभी धरली होती.

"चिमटे दे," तो म्हणाला.

चिमटे म्हणजे रबरी नळ्या दाबून बंद करायचे. एकेका चाकाची नळी बंद करायची आणि पेडल दाबून बघायचं. ज्या नळीला चिमटा लावल्यावर पेडल कडक होईल, त्या चाकाकडे दोष. दुनियाभरचे मेकॅनिक असंच शोधतात. दादाने ते चिमटे कधी वापरले नव्हते, त्यांच्यावर धूळ बसली होती. मी ते फडक्याने पुसले आणि त्याला दिले, आणि खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आला साहेब जमिनीवर. भावाचं काय बिनसलंय हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दोष सापडला. पुढच्या दोन्ही नळ्या फुगत होत्या, आणि पुढच्या दोन्ही कॅलिपरची रबरं सुकली होती. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडून धरणारा अवजड तुकडा. ब्रेक दाबला की तो चिमटीत धरतो आणि चाक थांबतं. दादाने दोन्ही कॅलिपर काढले, आतून साफ केले, नवी रबरं बसवली, दोन्ही नळ्या आणि तबकडीवर घासणारे पॅड बदलले. डॉक्टर म्हणाले, आता काढलेच आहेत तर लाल रंगवून द्या, बायकोची इच्छा आहे. म्हणून ते माझ्या टेबलावर आले.

दादा दोन दिवस येणार नव्हता. डोळे तपासायचे आहेत, असं त्याने सांगितलं. "रंग वाळला की बसवून टाक," जाताना म्हणाला, "मी आलो की हवा काढू." एवढंच म्हणाला. कॅलिपर बसवणं म्हणजे प्रत्येकी दोन बोल्ट, ते मी शंभरदा केलं होतं.

आता नीट सांगतो. कॅलिपरच्या एका टोकाला एक छोटी तोटी असते, निपल म्हणतात तिला. आतली हवा तिच्यातून बाहेर काढायची. हवा वर चढते, म्हणून निपल वरच्या टोकाला असावं लागतं. त्या गाडीचे डावे-उजवे कॅलिपर सारखेच होते. डावा उजवीकडे लावला तरी बोल्ट बसतात, सगळं चपखल बसतं. फक्त तुकडा उलटा होतो आणि निपल खाली जातं.

एका कॅलिपरच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या तोंडावर, लाल रंगाचा ओघळ आला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्या गाडीच्या चाकांना सायकलसारख्या तारा होत्या, त्यांच्यातून तो दिसला असता. घासून पुन्हा रंगवायचा तर आणखी एक दिवस गेला असता आणि दादाने येऊन विचारलं असतं, अजून नाही झालं? मी डावा उजवीकडे धरून पाहिला. ओघळ खाली गेला, दिसेनासा झाला. मी दोन्ही बसवले आणि मागे सरून पाहिले. फार सुंदर दिसत होते.

निपल खाली गेलंय हे मला दिसलं नाही का? दिसलं. त्याचं काय होतं ते मला माहीत नव्हतं का? सत्तावीस वर्षं ब्रेकच्या शेजारी काढलेल्या माणसाला एवढं माहीत असतं. पण त्या वेळी मी रंग बघत होतो. ह्याच्यापेक्षा बरं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

दादा आला. हवा काढायला दोघं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. दादाचे गुडघे वाकायचे बंद झाल्यापासून चाकाशी मीच असायचो.

"दाब."

"दाबलं."

मी निपल सैल करायचो, ऑइल नळीतून बाटलीत पडायचं, मी आवळायचो. "सोड." पुन्हा "दाब". बाटलीत एकही बुडबुडा आला नाही. येणार कुठून? हवा वर अडकून बसली होती आणि मी खालून ऑइल काढत होतो. "हवा नाही," मी ओरडलो. "एकदम साफ."

दादा पेडल दाबून बसून राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा. मी चाकं चढवली, नट आवळले, जॅक काढला, हात धुतले. मग तो म्हणाला, "झालं."

गल्लीत एक फेरी मारून आला. गल्लीतल्या वेगाला ती गाडी थांबत होती. डॉक्टर घ्यायला आले, आत बसले, त्यांनी पेडल दाबलं आणि कपाळाला आठी घातली.

"जरा मऊ नाही का लागत?"

दादा त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, दात तुमचे, ब्रेक माझे."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले, मी तर जास्तच. बाई कॅलिपरचा लाल रंग बघायला वाकल्या होत्या, त्या तिथूनच हसल्या. मी वाकून एकदा हाताने जरी पेडल दाबलं असतं तरी मला कळलं असतं. पण दादाने "झालं" म्हटलं होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला गाड्या ओढून नेणाऱ्या माणसाचा फोन आला. वर चढताना काही झालं नाही. उतारावर ब्रेक तापले, आतली अडकलेली हवा तापून फुगली, आणि तिसऱ्या वळणावर पेडल खाली टेकलं. दगडी कठड्यावर डाव्या अंगाने गाडी बसली. बाई डावीकडे होत्या. डॉक्टरांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बाईंनी दोन दिवस काढले आणि मग त्या गेल्या.

अपघाताचा तपास करणारा अधिकारी आमच्याकडेही येऊन गेला. त्याने गाडी पाहिली होती. ऑइल पूर्ण भरलेलं, गळती नाही, नळ्या नव्या, पॅड नवे. चालवणाऱ्याचं वय एकाहत्तर. त्याने कागदावर लिहिलं की ब्रेक उशिरा दाबला गेला. तो गेल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा मला खरंच वाटत होतं की आपलं काही चुकलेलं नाही.

दादा म्हणाला, "मला ती गाडी बघायचीय."

"कशाला? झालं ना सगळं."

"तू येतोस की मी एकटा जाऊ?"

मोडक्या गाड्या ठेवायच्या आवारात ती एका कोपऱ्यात पडली होती. डावी बाजू आत गेली होती, कापडाचं छप्पर फाटून लोंबत होतं. दादा उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी गेला, गुडघ्यांवर हात देऊन कण्हत खाली बसला आणि तारांमधून बोट आत घातलं. त्याचं बोट निपलवर होतं. खालच्या टोकाला.

मी त्याच्या मागे उभा होतो. काय बघायचं ते मलाही दिसलं होतं.

"ओघळ होता?" तो मागे न बघता म्हणाला.

"हो."

"कुठे?"

"ह्याच्याच वरच्या अंगाला. आता खाली गेलाय."

त्याने मान हलवली. मला वाटलं तो उठून मला मारेल. लहानपणी मारायचा. त्याऐवजी तो तिथेच मातीत बसला आणि त्याने बूट काढला.

"मला एक वर्ष झालं," तो म्हणाला. "आधी अंगठा गेला, मग बोटं, मग चवडा. जमिनीवर पाय ठेवला की कापसावर ठेवल्यासारखं वाटतं. साखर आहे मला. डोळे तपासायला म्हणून गेलो तो त्यासाठीच गेलो होतो."

"आणि तरी तू पेडल दाबत होतास?"

"प्रत्येक पेडल मऊच लागायचं रे. सगळ्याच गाड्या मऊ कशा असतील? मग मी हिशोब करायला लागलो. जेवढं मऊ लागतंय त्यातलं एवढं माझ्या पायाचं, ते वजा करायचं, उरेल ते गाडीचं. वर्षभर जमलं. पट्टी धरून, पेडल बघून, कसंबसं जमवलं. ह्या गाडीचं मऊ लागलं तेव्हा म्हटलं, तू बाटलीकडे बघतोयस, हवा नाही म्हणतोयस, म्हणजे हे सगळं माझ्या पायाचं. सगळं वजा केलं. डॉक्टर बोलले तेव्हा मला कळलं होतं. त्यांचा पाय चांगला होता. पण दहा माणसांसमोर मी काय सांगणार होतो?"

दहा नव्हती, तीनच होती. पण तेव्हा मी ते बोललो नाही.

परत येताना त्याने मला सांगितलं की डॉक्टरांना तो सगळं सांगणार आहे. माझी पाचावर धारण बसली. मी त्याला नाही नाही ते बोललो. कागदावर लिहून झालंय, प्रकरण मिटलंय, गेलेलं माणूस परत येणार आहे का, शेड बंद पडेल, माझ्या मुली शाळेत आहेत. तो ऐकत चालत होता.

"तुझं नाव नाही घेणार मी," तो म्हणाला. "झालं कोण म्हणालं? मी. त्याच्या आधी कुणी काय केलं, ते सगळं त्या 'झालं'मध्ये येतं. म्हणून तर लोक माझ्याकडे यायचे."

मी सांगेन माझं मी, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघ बाबा, तुला पटेल तसं कर." आणि मला हायसं वाटलं.

त्याला जायची वेळ आली नाही, डॉक्टरच आले. दुपारची वेळ होती. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "भाऊ आहेत?" मी बोट दाखवलं.

"मला एकच विचारायचंय," ते दादाला म्हणाले. "कागदावर लिहिलंय की मी उशिरा दाबला. मला आठवतंय की मी वेळेवर दाबला. पण माझं वय झालंय. मी रोज रात्री ते वळण आठवतो आणि आता मला खात्री वाटत नाही. तुम्ही जाणकार आहात. माझाच पाय चुकला का?"

दादा म्हणाला, "तुमचा नाही, माझा."

त्याने बाकावर बसून बूट काढला, मोजा काढला. मोज्याच्या तळाला रक्त वाळलेलं होतं. पायाच्या तळव्यात लोखंडाचा एक बारीक कीस रुतून जखम चिघळली होती आणि दादाला ती त्याच क्षणी, आमच्याबरोबर, पहिल्यांदा दिसली. डॉक्टर शेवटी डॉक्टरच. ते खाली बसले, खिशातून किल्ली काढली आणि तिचं टोक दादाच्या अंगठ्यावर टेकवलं.

"लागतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

टाचेपर्यंत गेले. मग किल्ली खिशात ठेवली आणि खाली बसूनच त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माहीत असून तुम्ही मला जाऊ दिलंत?"

"हो."

डॉक्टर उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. दवाखान्यात पेशंटला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून ते बोलले. "माझी बायको ह्या पायाच्या भरवशावर त्या गाडीत बसली होती. मी पोलिसांकडे जाणार नाही, मला त्यातून काही नकोय. पण हा पाय तुमच्या अंगावर राहू नये. तो सडावा, आणि सडताना तुम्हाला तो कळावा. एवढंच मी मागेन, रोज मागेन."

दादा खाली मान घालून बसला होता. मी चार पावलांवर थिनरच्या डब्याचं झाकण पुसत होतो. ते झाकण स्वच्छ होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मला बोलता येत होतं. डॉक्टर जाईपर्यंत थांबलं की संपलं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. त्यांनी जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. रंगवाल्याकडे कोण बघतं?

दादाने त्या दिवसापासून शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. जखम भरली नाही. आधी अंगठा काढला, मग चवडा, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. आठ महिने ते चाललं होतं. शेवटी शेवटी, पाय नसताना, त्याला पाय दुखायचा. रात्रंदिवस दुखायचा. वहिनी उशाशी बसून नसलेल्या पायाच्या जागी चादर दाबत राहायची, कारण त्याने त्याला बरं वाटायचं. डॉक्टर काय बोलले ते दादाने तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, एकदा रागाच्या भरात. "त्या माणसाची वाणी लागली," ती म्हणायची. "खरं सांगायला गेला आणि शाप घेऊन आला. मी त्या माणसाचं कधी भलं चिंतणार नाही." मी मूग गिळून बसायचो.

दादा जायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला हळूच विचारलं, "सांगू का रे मी त्यांना?"

त्याने डोळे उघडले. "आता सांगून त्यांना काय मिळणार? मलाही काय मिळणार? मिळालं तर तुलाच मिळेल." त्याने पुन्हा डोळे मिटले. तो चिडून बोलला नव्हता, हिशोब सांगितला होता. पण मला तो तोंडात मारल्यासारखा लागला.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी डॉक्टरांकडे गेलो. दार त्यांनी स्वतः उघडलं. पुढच्या खोलीत त्यांची दात काढायची जुनी खुर्ची होती, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला.

"कळलं मला," ते म्हणाले. "बसा. मी तसं बोलायला नको होतं. पाय कापल्याचं ऐकलं त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मी येणार होतो त्यांना भेटायला. दोनदा निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो." मग त्यांनी नाक पुसलं. "पण ते खरं बोलले म्हणून मी जगलो, एवढं तुम्हाला सांगतो. नाहीतर मी स्वतःलाच दोष देत बसलो असतो. फार मोठा माणूस होता."

मग मी सांगितलं. ओघळ, डावा-उजवा, खाली गेलेलं निपल, बुडबुडे नसलेली बाटली. मी पाठ केल्यासारखं बोललो, कारण ते सगळं मी मनात कितीदा तरी बोललो होतो. मग डॉक्टरांनी प्रश्न विचारले, शांतपणे.

"म्हणजे पाय चांगला असता तर त्यांना कळलं असतं."

"हो."

"आणि तुम्ही ते सरळ बसवले असते, तर पाय बधिर असूनही गाडी थांबली असती."

"हो."

"त्यांना हे माहीत होतं?"

"त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही यायच्या आधी."

"मी त्यांच्या पायाबद्दल बोललो, तेव्हा तुम्ही कुठे होता? मला आठवत नाही."

"तिथेच होतो. चार पावलांवर."

"सगळं ऐकलंत?"

"हो."

ते खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता माझीही पाळी. मी तयार होतो. खरं म्हणजे त्यासाठीच गेलो होतो.

"त्यांच्या बायकोला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग इथे काय करताय? आधी तिकडे जा."

ते एवढंच म्हणाले. मी उठलो, दार ओढून घेतलं, जिना उतरलो. डॉक्टरांच्या घरापासून वहिनीचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

ह्याला आता दोन वर्षं झाली. वहिनी मला दर आठवड्याला जेवायला बोलावते. दादानंतर तिला माझ्याशिवाय कोण आहे? मी जातो. जेवताना डॉक्टरांचा विषय निघाला की ती त्यांना शिव्याशाप देते, माझ्या ताटात आणखी भात वाढते, आणि मी जेवतो.